'पंचांनी फाशी दिली' : या वाक्यात काय खटकतंय?

अनुवादिका : अमेरिकेतल्या मृत्युदंडाच्या खटल्यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. फ्लोरिडातला हर्स्ट खटला, निकाल २०१६ चा. मी लिहिलं : 'पंचांनी ७ विरुद्ध ५ मतांनी फाशी दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली.' काहीतरी खटकतंय, पण नेमकं सापडत नाही.

जुना वाचक : आधी 'पंच' काढा. आपल्याकडे पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करणारा, नाहीतर बोट वर करणारा. 'ज्यूरी' मराठीला परका नाही. १९०८ साली टिळकांना दोषी ठरवलं ते ज्यूरीनंच, ७ विरुद्ध २ मतांनी. आणि फ्लोरिडात दोर नसतो, विषारी इंजेक्शन असतं, म्हणून 'मृत्युदंड'. ('देहान्त प्रायश्चित्त' रामशास्त्र्यांसाठी राखून ठेवू.)

वकीलकाका : 'फाशी'वर मी एवढा अडून बसणार नाही, बोलताना आपण सगळेच तसं म्हणतो. खरी गफलत 'दिली'त आहे. तेव्हाच्या फ्लोरिडाच्या कायद्यात ज्यूरी फक्त शिफारस करायची. गुन्हा अधिक गंभीर करणारी एखादी बाब शाबित आहे का, हे न्यायाधीश स्वतः बघत, आणि ती शाबित धरल्याशिवाय मृत्युदंड देता येत नसे. सहाव्या घटनादुरुस्तीनं ज्यूरीचा हक्क दिलेला आहे, तर हे काम ज्यूरीचं, असं न्यायालय ८ विरुद्ध १ मतानं म्हणालं. न्या. सोटोमायोर यांनी लिहिलं की ज्यूरीची नुसती शिफारस पुरेशी नाही. आता ताई, तुमच्या वाक्याप्रमाणे ज्यूरीनंच शिक्षा दिली असती, तर भांडण उरलं कुठे?

अनुवादिका : बाप रे. मग 'ज्यूरीने ठरवावे' असं लिहू?

वकीलकाका : तिथेच मराठी फसवते. 'ठरवणे' म्हणजे निवड करणंही आणि निष्कर्ष काढणंही. २००२ च्या ॲरिझोनातल्या रिंग खटल्यापासून आग्रह आहे तो वस्तुस्थितीच्या निष्कर्षाचा. शिक्षेची निवड वेगळी. फ्लोरिडाचा २०२३ चा कायदाच बघा : गंभीर करणारी बाब शाबित धरायला बाराही जणांचं एकमत लागतं, मृत्युदंडाच्या शिफारशीला मात्र आठ जण पुरतात. दोन्हीकडे 'ठरवले' लिहिलंत तर वाचकाला हा कायदा कळणारच नाही. पहिल्यासाठी 'शाबित धरणे', दुसऱ्यासाठी 'शिफारस करणे'.

जुना वाचक : आणि 'ती घटनाबाह्य' मधली 'ती' कोण? फाशी? मृत्युदंड घटनाबाह्य ठरला नाही, तो देण्याची पद्धत ठरली. १९७२ च्या फरमन निकालाचंही तसंच. तेव्हा आधार आठव्या घटनादुरुस्तीचा होता, म्हणजे क्रूर आणि विपरीत शिक्षांना असलेल्या मनाईचा. १९७६ मध्ये नवे कायदे टिकले आणि मृत्युदंड परत आला. जाता जाता, 'घटनेला आव्हान' असा मथळा देऊ नका. वाचणाऱ्याला वाटेल संविधानालाच आव्हान दिलंय.

अनुवादिका : हे कसं? 'ज्यूरीने ७ विरुद्ध ५ मतांनी मृत्युदंडाची शिफारस केली, न्यायाधीशांनी तो ठोठावला. असा ठोठावण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली.'

वकीलकाका : 'असा ठोठावण्याची' लंगडतंय. 'फ्लोरिडाची ही पद्धत' करा.

जुना वाचक : 'ठोठावला' की 'सुनावला'?

वकीलकाका : शिक्षा दोन्ही प्रकारे चालते. दंड मात्र ठोठावतातच.