न्यूझीलंडने स्कायहॉक लढाऊ जेट मोडीत काढले, ते बरोबर की चूक?

मूळ मुद्दा
१३ डिसेंबर २००१ ला न्यूझीलंडने आपल्या हवाई दलाची लढाऊ शाखा बंद केली. १७ स्कायहॉक आणि १७ एरमाकी जेट ट्रेनर एकदम जमिनीवर. माझ्या मते निर्णय बरोबर होता. देश चाळीसेक लाख वस्तीचा, ऑस्ट्रेलियाही सुमारे दोन हजार किलोमीटरवर. तीस वर्षांत स्कायहॉकने लढाईत एकही बॉम्ब टाकला नाही. १९७६ मध्ये तैवानी मच्छीमार जहाजाला इशारा म्हणून तोफ डागली, तेवढंच. समुद्रावरच्या गस्तीला ओरायन आणि वाहतुकीला हर्क्युलस विमानं तेव्हा जास्त उपयोगी होती.

प्रतिसाद १
साफ असहमत. स्कायहॉक म्हणजे "जुनी विमानं" असं कोणी म्हणेल, पण आतलं काय बदललं होतं ते बघा. सांगाडा १९७० चा, पण काहू या आधुनिकीकरण प्रकल्पात एफ-१६ च्या घराण्यातलं एपीजी-६६ रडार बसवलं, वैमानिकाच्या डोळ्यांसमोर हेड-अप डिस्प्ले आला, मॅव्हरिक क्षेपणास्त्र आणि लेझरच्या मार्गदर्शनाने जाणारे बॉम्ब आले. शिवाय बदली विमानं ठरलेली होती. पाकिस्तानसाठी बांधलेली आणि प्रेसलर दुरुस्तीमुळे (पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमावरून त्याची लष्करी मदत रोखणारा अमेरिकी कायदा) अमेरिकेत अडकलेली २८ एफ-१६ भाड्याने मिळणार होती. पंतप्रधान हेलन क्लार्क यांच्या सरकारने २००० मध्ये तो करार रद्द केला.

प्रतिसाद २
ती एफ-१६ ए/बी होती, ब्लॉक १५, म्हणजे एफ-१६ ची जुनी आवृत्ती. उड्डाणतास कमी, हे खरं. पण पुढे सांगाडा बळकट करणं, संगणक आणि शस्त्रप्रणाली बदलणं टळलं नसतं. भाडं ही फक्त सुरुवात, खरा खर्च सुट्या भागांचा आणि तंत्रज्ञांचा.

प्रतिसाद १
खर्च मान्य, पण मोडलेली शिडी परत उभी करणं त्याहून महाग. नवा वैमानिक आधी पंख्याच्या ट्रेनरवर, मग एरमाकीवर, मग स्कायहॉकवर जायचा. वरच्या दोन्ही पायऱ्या एकाच दिवशी काढल्या. अनुभवी लोक ऑस्ट्रेलिया-ब्रिटनच्या हवाई दलांत गेले. नौदलाला जेट हल्ल्याचा सराव द्यायला घरचं कोणी उरलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या नाउरा तळावरची न्यूझीलंडची स्कायहॉक तुकडी तर ऑस्ट्रेलियाच्या नौदलालाही हेच देत होती.

प्रतिसाद ३
दोघांनाही एक सांगतो: बंद करण्याची पद्धत चुकली, हे मला जास्त खुपतं. विमान अमेरिकी बनावटीचं, म्हणजे तिसऱ्याला विकायला वॉशिंग्टनची परवानगी लागणार. ती आधी मिळवायची, मग विमानं थांबवायची. इथे उलटं झालं. वुडबोर्नच्या हवाई तळावर वर्षानुवर्षं पडून राहिली, काही तर उघड्यावर, अंगावर पांढऱ्या लॅटेक्सचा थर देऊन. असा थर फाटला की पाणी आत शिरतं, बाहेर पडायला वाट नसते, आणि ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटच्या कडेने कुरतडू लागतो. अखेर २०१२ मध्ये आठ विमानं फ्लोरिडाच्या ड्रेकन कंपनीने घेतली, सरावात शत्रूची भूमिका करायला. म्हणजे अकरा वर्षांनंतरही ती उडण्याजोगी करता येत होती.