मीटरवर १.४ व्होल्ट, तरीही गॅस गीझर पेटत नाही: सेल संपला हे कसे ओळखावे?

कोथरूडकर (प्रश्न):
आमच्या गॅस गीझरमध्ये दोन मोठे सेल बसतात. काही दिवसांपासून नळ सोडला की ठिणगीचा आवाज क्षीण येतो आणि बर्नर पेटत नाही. सेल काढून डिजिटल मल्टिमीटरने मोजले, तेव्हा एकाने १.४३ आणि दुसऱ्याने १.३८ व्होल्ट दाखवले. याउलट भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल १.३१ व्होल्टच दाखवतो, तरी घड्याळ बिनचूक चालते. रात्रभर चार्ज केलेले रिचार्जेबल सेलही १.२८च्या वर जात नाहीत. मग किती व्होल्टच्या खाली सेल निकामी समजावा?

निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ:
सर्व उपकरणांना लागू पडेल असा एकच आकडा नाही, कारण आपण मोजले ते सेलवर कोणताही भार नसतानाचे, म्हणजे त्यावर काही चालत नसतानाचे, व्होल्टेज आहे. डिजिटल मल्टिमीटरचा रोध साधारणपणे १ ते १० मेगाओहम असल्यामुळे मोजताना सेलमधून जवळजवळ प्रवाहच वाहत नाही. सेल जुना होत जातो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो, आणि प्रवाह वाहू लागला की त्या रोधावर काही व्होल्ट आतच खर्च होतात. घड्याळाला अत्यल्प प्रवाह पुरतो, म्हणून तिथे ही घट जाणवत नाही. गीझरला मात्र ठिणगी पाडण्यासाठी आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडण्यासाठी एकदम बराच प्रवाह लागतो.

म्हणून सेल भाराखाली मोजावा. मोठ्या सेलच्या दोन टोकांना ४.७ ओहमचा, १ वॅटचा रेझिस्टर (ठरावीक रोधाचा छोटा सुटा भाग) चार-पाच सेकंद जोडावा आणि त्याच वेळी व्होल्टेज पाहावे. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात असे रेझिस्टर सहज मिळतात. समजा, १.४३ व्होल्टचा सेल १.०५ वर आला, तर प्रवाह सुमारे ०.२२ अँपिअर आणि अंतर्गत रोध सुमारे १.७ ओहम निघतो. असा सेल गीझरच्या कामाचा नाही. पेन्सिल सेलसाठी १० ओहमचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टर योग्य. नवा अल्कलाइन सेल भाराविना १.५५ ते १.६५ व्होल्ट दाखवतो आणि इतक्या भाराखाली फारसा खाली येत नाही.

पाषाणवासी:
रिचार्जेबल सेलबद्दल थोडे. निकेल-मेटल हायड्राइड (नेहमीच्या रिचार्जेबल) सेलचे नामनिर्देशित, म्हणजे सेलवर छापलेले, व्होल्टेजच १.२ आहे. चार्जरमधून काढल्याबरोबर तो १.४ च्या आसपास दाखवतो, नंतर उतरतो आणि क्षमतेचा बराचसा भाग संपेपर्यंत १.२ ते १.३ च्या दरम्यान टिकून राहतो. त्यामुळे १.२८ या आकड्यावरून त्यात किती चार्ज शिल्लक आहे, हे ठरवता येत नाही.

आणखी एक सूचना मनापासून करतो: मीटर अँपिअरवर ठेवून त्याच्या तारा सेलच्या दोन टोकांना कधीही लावू नयेत. तसे केल्यास शॉर्ट सर्किट होऊन मीटरचा फ्यूज उडतो, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीवर हाच प्रकार झाला तर भाजण्याचीही भीती असते. मीटरच्या आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली असेल, तर अनेक मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतात. तेव्हा आधी नवा सेल मोजून खात्री करावी.

कोथरूडकर:
रेझिस्टर लावून पाहिले. १.४३ चा सेल १.१९ वर थांबला, १.३८ चा मात्र ०.७ पर्यंत घसरला आणि रेझिस्टर काढताच पुन्हा १.३५ वर आला. मग केवळ हा दुसराच बदलावा का?

निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ:
दोन्ही बदलावेत. एकसरीत जोडलेल्या सेलमधून सारखाच प्रवाह जातो. नव्याबरोबर जुना घातला, तर जुना आधी पूर्ण रिकामा होतो, त्यानंतर उलटा चार्ज होऊ लागतो आणि त्यातून द्रव गळून गीझरच्या पत्र्या गंजतात. १.१९ चा सेल ज्याला एकच मोठा सेल लागतो अशा, कमी प्रवाहाच्या उपकरणात काही काळ चालेल. नवे सेल बसवल्यावर गॅसचा कॉक बंद ठेवून पाण्याचा नळ सोडावा. गॅस न येता ठिणगी काही सेकंद पडत राहते. तेवढ्या वेळात दोन्ही सेलचे एकत्रित व्होल्टेज मोजून लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी तुलनेला तुमच्याच गीझरचा आकडा हाताशी असेल.