जुनी स्पोर्ट्स कार विकताना रास्त किंमत कशी ठरवावी?

माहीमकर (प्रश्न)

माझ्याकडे २०१८ सालची पोर्शे ७१८ केमन आहे. गाडी पहिल्यापासून माझ्याच नावावर, एमएच-०१ पासिंगची असून आजवर १९,००० किलोमीटर चालली आहे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आईला इतक्या खाली बसता-उठता येत नाही आणि सोसायटीत आमच्या वाट्याला एकच पार्किंग आहे, म्हणून जड मनाने ती विकायचे ठरवले आहे. जुन्या गाड्यांच्या दोन विक्रेत्यांना दाखवली. दोन सीटच्या गाडीला गिऱ्हाईक नसते असे सांगून दोघांनीही फारच कमी किंमत लावली, आणि त्यातल्या एकाने तर विमा पॉलिसीवरचा आयडीव्ही पुढे करून हीच गाडीची खरी किंमत असल्याचे ठासून सांगितले. मला वाजवीपेक्षा जास्त नको, पण गाडी मातीमोलही द्यायची नाही. रास्त किंमत ठरवावी कशी?

पार्लेकर

गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर विमा कंपनी जास्तीत जास्त किती देईल याचा आकडा म्हणजे आयडीव्ही. पहिली ५ वर्षे तो घसाऱ्याच्या ठरलेल्या तक्त्यानुसार उतरतो आणि त्यानंतर कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरतो. गाडी केमन आहे की साधी हॅचबॅक, गॅरेजमध्ये जपलेली आहे की रस्त्यावर उभी असते, याच्याशी तक्त्याला काही कर्तव्य नसते. तो बाजारभाव नव्हे.

मात्र विक्रेता कमी किंमत सांगतो म्हणजे फसवतोच, असे मी म्हणणार नाही. त्याचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात, नोंदणीकृत विक्रेत्याला नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, आणि पुढे काही निघाले तर गिऱ्हाईक त्याच्याच दारात उभे राहते. हा भार स्वतः उचलून थेट विकायची आणि दोन-तीन महिने थांबायची तुमची तयारी असेल, तर विक्रेता कापतो त्या रकमेतला मोठा हिस्सा तुमच्याकडे राहील. ‘पार्क अँड सेल’, म्हणजे गाडी तुमच्याच नावावर ठेवून विक्रीसाठी विक्रेत्याकडे उभी करणे, हा मधला मार्ग आहे, पण त्या काळात गाडी कोण चालवणार आणि ओरखडा पडला तर भरपाई कोण करणार, हे आधी लेखी घ्यावे. जाहिरातींतले आकडे मागणीचे असतात, विक्रीचे नव्हेत; त्याच जाहिराती दर आठवड्याला पुन्हा पाहिल्यास कोणाची किंमत किती खाली आली ते कळते.

ठाण्याचा खरेदीदार

गेल्या वर्षी मी हेच मॉडेल घेतले, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो. पहिल्या भेटीत मी इंजिन सुरूसुद्धा केले नाही. जमिनीवर आडवा होऊन टॉर्चच्या उजेडात पुढच्या बंपरखालची कड पाहिली. बेसमेंटच्या उतारांवर ती घासलेली असतेच, आतला आधार शाबूत आहे ना एवढेच पाहायचे होते. मग मॅट उचलून खालचे कार्पेट तळहाताने दाबले आणि सीटच्या रुळांचे बोल्ट तपासले, कारण पावसाचे पाणी शिरलेल्या गाडीचे कार्पेट वाळवता येते, पण बोल्टवरचा गंज लपत नाही. पत्र्यावर रंगाची जाडी मोजणारे यंत्र फिरवले तेव्हा दारांवर आकडा १२० मायक्रॉनच्या आसपास होता, आणि मागच्या डाव्या बाजूला तो एकदम तिप्पट झाला, म्हणजे तिथे दुरुस्ती करून पुन्हा रंग दिला होता. मी विचारण्याआधीच मालकांनी त्या दुरुस्तीचे बिल आणि फोटो माझ्या हाती दिले. त्यापोटी मी एक रुपयाही कमी केला नाही. हेच मला नंतर कळले असते तर सौदा तिथेच मोडला असता.

तुम्ही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणी करून अहवाल तयार ठेवा. इंजिन मर्यादेपलीकडे फिरवले गेले असेल तर त्याची टप्पावार नोंद गाडीच्या संगणकात राहते, तीही मागून घ्या. टायरवरचे ४ आकडे पाहा: २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३वा आठवडा. इतक्या कमी चाललेल्या गाडीचे टायर बहुधा मूळचेच असतील आणि नक्षी शाबूत असली तरी रबर जुने झालेले असेल. ते बदलूनच गाडी दाखवा.

गिरगावकर

टायरबाबत माझे मत वेगळे आहे. पोर्शेच्या मान्यतेची ‘एन’ खूण असलेले टायर महाग असतात आणि तो खर्च विक्रीत क्वचितच पुरता वसूल होतो. चारही टायरचे लेखी कोटेशन आणा आणि तेवढीच रक्कम वजा करा. कोटेशन नसले की समोरचा अंदाजाने दुप्पट कापतो.

कागदपत्रांत ढिलाई नको. कर्ज फिटले असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवा, थकलेली ई-चलाने भरा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या करून भागत नाही. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घेऊ नका, कारण प्राप्तिकर कायद्यात तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला आहे. शिवाय नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसून तुमचा असतो; त्याचे प्रमाणपत्र घेतल्यास ३ वर्षांपर्यंत नव्या गाडीच्या विम्यात तो वापरता येतो.

माहीमकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल रात्री खाली जाऊन पाहिले, चारही टायर २०१८ चेच आहेत, त्यामुळे कोटेशन मागवले आहे. पार्किंगच्या खांबाला उजवे दार घासले होते, त्याचे रंगाचे बिल सापडले. ते फाइलमध्ये सर्वांत वर लावले आहे. तपासणीसाठी शनिवारची वेळ मिळाली आहे आणि अहवाल हाती आल्यावरच जाहिरात देईन.