मदत हवी आहे: समुपदेशकांवर देखरेख कशी ठेवायची? (तातडीचं)

गोदाकाठ
माझ्या हाताखाली सहा समुपदेशक आहेत. नोंदवही उघडली की पानोपानी एकच ओळ: ‘समुपदेशन केले. धीर दिला.’ विचारलं तर ‘सर, सगळं नीट चालू आहे.’ त्यातली एक तर आता माझ्याशी बोलतच नाही. सोमवारी वरिष्ठ येणार आहेत. लवकर सांगा.

बिंदुसरा
कुठले समुपदेशक? शाळेतले, आयसीटीसीतले (एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रातले) की आणखी कुठले? तुम्ही स्वतः कधी समुपदेशन केलंय, की थेट ‘सर’?

सेल_नंबर_सात
आम्ही जालन्यात हा प्रश्न कायमचा मिटवला. एक्सेल शीट, ड्रॉपडाउन, प्रत्येक भेटीचा जीपीएस फोटो. पंधरा दिवसांत सगळे सरळ. फाइल हवी तर व्यनि (खासगी निरोप) करा.

बिंदुसरा
फोटो? दारात उभं राहून फोटो काढला की अख्ख्या गल्लीला कळतं, या घरी ‘डोक्याचं’ बघायला माणसं येतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयता हा हक्क आहे, तुमच्या सोयीचा प्रश्न नाही.

सेल_नंबर_सात
मग घरी बसून ‘धीर दिला’ लिहिणारे कसे सापडणार? हक्काचं बोलायला सोपं असतं.

मनःशांती_लातूर
सगळ्यांना दहा दिवस विपश्यनेला पाठवा, इगतपुरीला. माझी झोप सुधारली.

गोदाकाठ
विपश्यना नको हो. परभणी जिल्हा, शेतकरी कुटुंबांचा प्रकल्प. मी समाजकार्यात एमएसडब्ल्यू, याआधी पाणलोटाच्या कामात होतो.

थोरली_ताई
दादा, पाणलोटात बांध मोजता येतो, इथं नाही. आढावा बैठक वेगळी, सुपरव्हिजन वेगळं. किती भेटी, किती फॉलोअप हे आढाव्यात. सुपरव्हिजनला एकेकीला वेगळं बसवा, पंधरा दिवसांतून तासभर, एकच केस घेऊन. ‘ती काय म्हणाली? मग तू काय म्हणालीस? मग?’ असं शब्दाला शब्द. ‘धीर दिला’ म्हणजे काय ते तिथं उघडं पडतं. बहुतेकदा ‘ताई, लेकरांकडं बघा’ एवढंच बोललेलं असतं, आणि समोरची तिथंच गप्प होते. त्यात कामचुकारपणा नसतो, पुढं काय विचारायचं तेच कुणी शिकवलेलं नसतं.
आणि ती एक का बोलत नाही? मुख्य तेच गाळलंत.

बिंदुसरा
संमती घेऊन सत्र रेकॉर्ड करा, मग ऐका. आठवणीवर सांगितलेलं नेहमी गोड असतं.

थोरली_ताई
शहरात चालत असेल. ओसरीवर मोबाइल ठेवला की बाई पावसापाण्याचं बोलते. त्यापेक्षा परवानगी घेऊन मागं बसा, मध्ये तोंड घालू नका.

गोदाकाठ
तिचं असं झालं. मागच्या बैठकीत मी तिची वही सगळ्यांसमोर वाचून दाखवली. तिनं स्वतःचा नंबर एका बाईला दिलाय. त्या बाईचा नवरा गेल्या वर्षी गेला. रात्री अकराला फोन येतात. हे नियमात बसत नाही. तर म्हणाली, ‘सर, ती म्हणायली जगून काय करू, मग फोन उचलू नको का?’ आणि रडायला लागली. मी म्हणालो, हे वहीत का नाही? तेव्हापासून बोलणं बंद.

थोरली_ताई
किती दिवस झाले? नंतर त्या बाईला कोण भेटलं?

गोदाकाठ
बारा दिवस. माहीत नाही.

थोरली_ताई
सोमवार राहू द्या बाजूला. आत्ता समुपदेशक मुलीला फोन लावा. आधी ‘सगळ्यांसमोर वाचायला नको होतं, माझं चुकलं’ म्हणा. मग त्या बाईला आज रात्री फोन करा, उद्या सकाळी दोघं जा. जीव द्यायचा विचार येतो का, असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. फवारणीचं औषध घरात असेल तर तिच्याशी बोलून हलवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारवाल्यांना दाखवा. रात्री-अपरात्री टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मराठीत बोलतात. दुसरी सोय लागेपर्यंत मुलीला नंबर बंद करायला लावू नका, पण एकटीवरही टाकू नका.

जुना_किल्लारीकर
३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात होतो. धीर देणारे लई आले. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, कोण कोण गेलं. एक बाई फक्त शेजारी बसून शेंगा फोडायची. तिचं नाव आजही आठवतंय.

सेल_नंबर_सात
अहो, धागा देखरेखीचा आहे.

गोदाकाठ
जाऊन आलो. बाई आधी बोलेना, मग समुपदेशकाचा हात धरून बोलली. विचार येतो म्हणाली. कपाशीच्या औषधाचे दोन डबे तिच्याच सांगण्यावरून दिरानं शेतातल्या आखाड्यावर नेऊन कुलपात ठेवले. आजच दवाखान्यात दाखवलं, जाऊ सोबत आहे. जाताना जीपमध्ये मुलगी गप्प होती, येताना विचारलं, ‘सर, आता वहीत काय लिहू?’ मला सांगता येईना. सगळं लिहिलं तर वरिष्ठ वाचणार.

थोरली_ताई
दोन वह्या. वरिष्ठांच्या वहीत नाव नाही, केस क्रमांक. जोखीम विचारली का, काय ठरलं, पुढची भेट कधी. बाकीचं दुसऱ्या वहीत, कुलपात.

सेल_नंबर_सात
पहिल्या वहीचं ड्रॉपडाउन करून देतो. फोटोचा कॉलम काढतो.