बंड्याला द्राक्षं देऊ नका

सुलभा काकू (ए-१०२): खालच्या बाकाजवळ कुणी द्राक्षांचा घड ठेवलाय? बंड्या हुंगत होता, मी हाकललं त्याला. कुत्र्यांना द्राक्षं चालत नाहीत ना?

बोरस्ते काका (बी-४०१): मीच ठेवला वहिनी. दिंडोरीच्या मळ्यातून क्रेट आलं, सगळ्यांना वाटली. तो बिचारा एकटाच तोंडाकडं बघत बसला होता.

प्रिया (सी-३०४): काका, नका हो देऊ! द्राक्षं काय, मनुके काय, कुत्र्याची किडनी जाऊ शकते. किती खाल्ली की बाधतील याचा काही नेम नाही. एखाद्याला मूठभर पचतात, एखाद्याला थोडीशीसुद्धा नडतात. आधी उलट्या, मग लघवी कमी. २०२१ पासून डॉक्टरांचा संशय टार्टारिक ॲसिडवर आहे. त्यानं खाल्ली का?

बोरस्ते काका: एक चाटलं आणि माझ्या बुटावर आणून ठेवलं.

निलेश (सी-५०१): निर्यातीचा माल नसेल काका 😄

सुलभा काकू: अगं प्रिया, मी त्याला उरलेले पोहे घालते. त्यातला कांदा?

प्रिया: तोही नको काकू, शिजवलेलासुद्धा नको. रक्तातल्या लाल पेशी फुटतात. लगेच कळत नाही, काही दिवसांनी कुत्रा मलूल पडतो. लसणाचंही तेच. मांजरांना तर कांदा अजूनच बाधतो.

निलेश: द्राक्षं नको, कांदा नको. नाशिकमध्ये जन्म घेऊन मिळवलं काय यानं? मिसळही गेली.

शेवाळे साहेब (ए-४०२): विषय निघालाच आहे तर बोलतो. सकाळी घंटागाडीचं गाणं सुरू झालं की हा गळा काढतो. गाडी गेटबाहेर जाईपर्यंत मागं मागं चालतो, जणू याच्याच देखरेखीखाली कचरा उचलला जातोय. वर चपला पळवतो. सोसायटी आहे की पांजरपोळ?

सुलभा काकू: चपलांचं मला बोलू द्या. तो चप्पल चावत नाही, फाडत नाही. एका दारातली उचलतो आणि दुसऱ्या दारात नेऊन ठेवतो. का, ते त्यालाच ठाऊक. गेल्या पावसाळ्यात माझी एक चप्पल सापडेना. ए विंग पालथी घातली. शेवटी कळलं, सी विंगमध्ये पगार आजींच्या उंबऱ्यावर आहे. आणायला गेले तर आजी म्हणाल्या, आलीच आहेस तर चहा घे. इतकी वर्षं एका गेटमधून ये-जा करतोय आणि आजींना गुडघ्यामुळे खाली उतरता येत नाही हे मला माहीत नव्हतं हो. आता मंगळवारी त्यांची भाजी मी आणते. शेवाळे भाऊजी, तुमचा एक सँडल परवा कुणाकडे सापडला, सांगू का ग्रुपवर?

शेवाळे साहेब: नको.

निलेश: सांगा काकू सांगा!

पगार आजी (सी-१०१): आमच्या येवल्याच्या घरी राघू होता. पाहुणे आले की म्हणायचा, "निघा आता." मोठं अवघड व्हायचं. पुन्हा एखादा आणावासा वाटतो.

प्रिया: आजी, आपल्याकडचा पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतो तो. तुम्ही आमच्या लाडूला बोलवत जा. केशरी मांजर म्हटलं की लोक बोका समजतात, कारण केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याला एकच पुरतं, मांजरीला दोन्ही बाजूंनी मिळावं लागतं. आमची लाडू मात्र मांजरी आहे. नाव लाडू, आणि मांजरांना गोड चव कळतच नाही! तरी पेढ्याचा बॉक्स उघडला की हिची मान आत. तिला बॉक्सच हवा असतो.

देशपांडे काका (चेअरमन): नमस्कार. शेवाळे साहेबांची तक्रार रास्त आहे, तिचा विचार करू. पण बंड्याच्या कानाला खाच आहे, म्हणजे नसबंदी झालेली आहे. त्याला दुसरीकडे नेऊन सोडता येणार नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे खाऊ घालण्याची जागा ठरवणं सोसायटीचं काम आहे. मुलं खेळतात तिथं, जिन्यात आणि गेटपाशी नको. पंपरूमच्या मागची जागा कशी वाटते? वेळही ठरवू. बाकाजवळ यापुढे कुणी काही ठेवू नये 🙏

बोरस्ते काका: मान्य. पाण्याचं भांडं माझ्याकडून. मातीचं आणतो, ऊन वाढायला लागलंय.

सुलभा काकू: मी साधा भात देईन, बिनफोडणीचा. दही चालेल का गं?

प्रिया: थोडं चालतं काकू, मीठ-साखर घालू नका. आणि यंदाचं रेबीजचं इंजेक्शन बाकी आहे त्याचं. रविवारी कुणी सोबत येईल का? मला एकटीला धरवत नाही.

निलेश: मी पुण्यात आहे.

शेवाळे साहेब: मी येतो. गाडी काढणार नाही, केस पडतात.

प्रिया: रिक्षानं जाऊ काका. फक्त त्याला ड्रायव्हरशेजारी बसायचं असतं, मागं बसवलं तर भुंकतो.

शेवाळे साहेब: बसू दे. किती वाजता?