गाठ की गुठळी?

हृदयाच्या सीटी स्कॅनचा अहवाल पेशंटच्या घरच्यांसाठी मराठीत करून देत होते. ‘उजव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात) मास (इंग्रजी mass)’ इथे अडले आणि ‘गाठ’ लिहिलं. मुलाने लगेच विचारलं, “रक्ताची गाठ ना? मग औषधाने विरघळेल.” माझ्या पोटात गोळा आला, कारण पुढे मारक ट्यूमरची, म्हणजे कॅन्सरची शंका लिहिली होती. ‘मास’ला काय म्हणावं?

— रक्ताची ती गुठळी, मांसाची ती गाठ. शब्द वेगळे आहेत, वेगळेच वापरा.

— असं कुठे? आमची आजी ‘पायात रक्ताची गाठ झाली’ असंच म्हणायची. तेही मराठीच.

— मी सीटी मशीनवर काम करते. हा फरक आम्हीही चित्रातच शोधतो. डाय, म्हणजे रक्त चित्रात उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात तो द्रव, सोडला की कप्पा पांढरा होतो आणि आत एक काळपट जागा उरते. गुठळीत सहसा रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती डाय घेत नाही. मारक गाठ घेते, पण ठिगळाठिगळांनी. मेलेला भाग काळाच राहतो. गाठ रुंद बुडाने भिंतीला चिकटलेली, भिंत ओलांडून हृदयाच्या आवरणात शिरलेली, आवरणात पाणी साचलेलं, असं दिसलं की संशय बळावतो. हृदय हलत असतं, म्हणून चित्रं ईसीजीच्या तालावर घेतो, नाहीतर कडा पुसट येतात. तरी खात्री तुकडा तपासल्यावरच. ‘मास’ म्हणजे अजून न ठरलेलं काहीतरी. त्याला ‘गाठ’ म्हटलं की ते ठरून जातं.

— ट्यूमरला ‘अर्बुद’ आहे की! सुश्रुतसंहितेत मांसार्बुद येतं. सार्कोमा (मांस, हाड अशा ऊतींचा कॅन्सर) हा शब्दही ग्रीकमधल्या ‘मांस’वरूनच आला, आणि हृदयातच उपजणाऱ्या मारक गाठींत बहुतेक सार्कोमाच असतात.

— शब्द जुळले म्हणून आजार एक होत नाही. आणि अर्बुद म्हणजे दहा कोटीसुद्धा. त्या मुलाला काय कळणार?

— वापरलाच नाही तर कधीच कळणार नाही. ‘कर्करोग’ही कोणीतरी रुजवलाच ना?

— मला ‘कर्णिका’च खटकते. ती कानाच्या आकाराची छोटी पिशवी, अख्खा कप्पा नव्हे. ‘अलिंद’ म्हणा. अलिंद म्हणजे दारापुढची ओसरी, आणि या कप्प्याचं इंग्रजी नाव एट्रियम, हाही रोमन घराचा दर्शनी भाग. रक्त आधी ओसरीवर येतं, मग आत जातं.

— सुंदर आहे, पण आम्ही शाळेत वरची कर्णिका आणि खालची जवनिकाच शिकलो. आता ती बदलायची?

— शाळेत शिकलो म्हणून बरोबर ठरतं का? कर्ण म्हणजे कान, एवढं तरी मान्य करा.