ॲट्रिब्यूट ‘गुणधर्म’, तर प्रॉपर्टी काय?

बोरू: एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानाची रचना लिहिण्याच्या भाषेच्या, पुस्तिकेचा अनुवाद चालू आहे. ॲट्रिब्यूटला ‘गुणधर्म’ घेतलं, पण पानाचं दिसणं ठरवणाऱ्या सीएसएसची प्रॉपर्टीही गुणधर्मच. मग वाक्य होतं, ‘स्टाइल या गुणधर्मात रंगाचा गुणधर्म लिहा.’ वेगळा शब्द सुचवा.

काकपद: ॲट्रिब्यूट म्हणजे ‘विशेषण’. टॅगच्या, म्हणजे कोनी कंसातल्या खुणेच्या, नावाला लागून येतं, जास्तीची माहिती देतं.

रेघोटी: लिंकचा पत्ता हे विशेषण कसं? ॲट्रिब्यूटच ठेवा. कोड तपासणारा व्हॅलिडेटर चूक दाखवतो तेव्हा हाच शब्द समोर येतो.

काकपद: तसं म्हटलं तर ‘परिच्छेद’ आणि ‘शीर्षक’ही काढून टाका!

रेघोटी: ‘शीर्षक’ खरंच अडचणीचं आहे. टायटल हेडमध्ये, म्हणजे पानावर न दिसणाऱ्या भागात, असतं आणि ब्राउझरच्या टॅबवर दिसतं. एच१ पानावर दिसतो. एच१ ते एच६ या पातळ्यांना ‘मथळा’ म्हणा. आणि एच२ नंतर थेट एच४ घेऊ नका, पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर मथळ्यांच्या पातळ्यांनी पान चाळणारा मधली पातळी शोधत बसतो.

बोरू: मथळा घेतला. परिच्छेदाच्या पीसाठी ‘पी टॅगमधला मजकूर’ चालेल?

रेघोटी: बोलण्यात चालतं, पुस्तिकेत नको. उघडणारा टॅग, मजकूर आणि बंद करणारा टॅग मिळून एलिमेंट होतं. हा फरक कळला नाही तर पुढची चूक उमगत नाही: पी उघडून आत यूएलची यादी टाकली, की ब्राउझर यादीआधीच पी बंद करतो. शेवटी हाताने लिहिलेला बंद टॅग एकटा उरतो आणि त्यातून रिकामा परिच्छेद तयार होतो. यादीखाली कधी कधी नको ती मोकळी जागा दिसते ती त्यामुळे. बीआरला तर बंद टॅगच नसतो. तो कवितेच्या ओळी तोडायला आहे, अंतर वाढवायला नाही, अंतरासाठी सीएसएसमधलं मार्जिन.

काकपद: स्ट्राँगला ‘ठळक’ आणि ईएमला ‘तिरपे’ तरी बरोबर ना?

रेघोटी: नाही. ठळक दिसतो तो बी, तिरपा दिसतो तो आय. स्ट्राँग म्हणजे महत्त्वाचं, ईएम म्हणजे बोलताना ज्या शब्दावर जोर येतो तो.

मात्रा: देवनागरीत ‘तिरपे’ हा शब्दही नको आणि तसं दिसणंही नको. बहुतेक देवनागरी फाँटांत तिरपा अवतार नसतो, म्हणून ब्राउझर सरळ अक्षरंच कलती करतो. शिरोरेषा आडवी राहते, काना उजवीकडे झुकतो, रफार आणि मात्रा पुढच्या अक्षरावर सरकतात. ईएमला फाँट-स्टाइल नॉर्मल द्या, वजन, म्हणजे अक्षराचा जाडपणा, ६०० करा.

काकपद: मग ईएम आणि स्ट्राँग सारखेच दिसतील.

मात्रा: स्ट्राँगला ७०० द्या, पण फाँटात दोन्ही वजनं खरी हवीत. नसतील तर ब्राउझर एकच ठळक वापरतो, किंवा नेहमीचंच अक्षर जाड करतो आणि लहान आकारात ‘क्ष’, ‘द्ध’ बुजून जातात.

बोरू: आणि ॲट्रिब्यूट?

काकपद: विशेषण.